तिसरी-चौथीची क्षेत्रभेट: जवळची जागा, हाताला मोजायचं काम

पाऊलवाट

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. एसटी ठरवायची, परवानगी आणायची, पालकांची संमतीपत्रं गोळा करायची आणि दोन दिवसांत तीन किल्ले, दोन देवळं, एक बाग असं सगळं दाखवून आणायचं. ह्या सहली बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. तालुक्याबाहेर न गेलेल्या मुलाला पहिल्यांदा समुद्र दिसतो, मित्रांच्या शेजारी झोपायला मिळतं, ते त्याच्याजवळ जन्मभर राहतं. पण वर्षातून एकदा सहल झाली म्हणजे परिसरातून शिकणं झालं, हे मला मान्य नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी जागा चालत जाऊन येण्याइतकी जवळ हवी, तिथं त्याच्या हाताला काहीतरी मोजायचं काम हवं आणि प्रश्न उरले तर चार दिवसांनी परत जाता आलं पाहिजे.

मी कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे. आमच्या शाळेपासून ओढा ओलांडला की गुऱ्हाळ लागतं. दरवर्षी हंगाम सुरू झाला की आम्ही तिथं जातो. कसं करतो ते जरा सविस्तर लिहितो. इतरांनीही आपापलं लिहावं, यासाठीच धागा काढला आहे.

जाण्याआधी दोन दिवस वर्गात फक्त प्रश्न काढतो. मी एकही प्रश्न देत नाही. फळ्यावर जे येतं ते असं: रस हिरवट असतो, मग गूळ पिवळा कसा होतो? रस उकळायची एवढी मोठी काहील उतू कशी जात नाही? रस काढलेली चिपाडं ओली असतात, मग जळतात कशी? गूळ झाला हे तो करणाऱ्या गुळव्याला कसं कळतं? मग गट पाडतो. एका गटाकडे घड्याळ, एकाकडे वजनाच्या नोंदी, एक गट माणसं आणि त्यांची कामं लिहिणारा, एक चित्रं काढणारा. चौथीची मुलं वाटेचा नकाशा करतात, शाळेपासून किती पावलं, ओढा कोणत्या दिशेला, त्यावरचा साकव (छोटा पूल) कुठं.

तिथं गेल्यावर आधी चुन्याची रेघ मारतो. काहिलीपासून लांब, आणि रेघेच्या आत कुणीही जायचं नाही. ऊस पिळणाऱ्या चरकाजवळ तर मुलं जातच नाहीत, चरक बाजूच्या ओट्यावरून बघायचा. ह्या दोन गोष्टींवर मी काहीही ऐकून घेत नाही.

मग दहा ऊस काट्यावर ठेवून वजन. त्यांचाच रस वेगळा काढून त्याचं वजन. उरलेल्या चिपाडाचं वजन. रस आणि चिपाड मिळून पुन्हा उसाएवढं भरतं का, हे मुलं स्वतः बेरीज करून बघतात. थोडं कमी भरलं की 'गेलं कुठं?' म्हणून भांडतात, चरकाला चिकटलेलं बघायला जाऊ द्या म्हणून मागे लागतात. गुऱ्हाळमालक सांगतात, एक टन उसाला शंभर ते सव्वाशे किलोपर्यंत गूळ पडतो. मग शंभर किलो उसातले दहा-बारा किलोच गूळ होणार, बाकीचं पाणी वाफेनं जातं आणि चिपाड काहिलीखालच्या चुलवाणात जातं, हे त्यांच्याच आकड्यांतून निघतं. रानभेंडीचा चिकट रस काहिलीत पडला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. आणि गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळून बघतो, तेव्हा वर्गातला एक जण तरी 'आमची आजी लाडवाचा पाक असाच बघते' असं म्हणतोच.

खरं काम परत आल्यावर. त्या एका सकाळीवर आमचे पंधरा दिवस चालतात. नोंदींचे तक्ते, मुलांनी स्वतः रचलेली शाब्दिक उदाहरणं, मालकांना आभाराचं पत्र, मोठ्या कागदावर उसापासून गुळापर्यंतची चित्रं. जे प्रश्न सुटले नाहीत त्यांची यादी भिंतीवर. ती घेऊन दुसऱ्यांदा जातो, आणि दुसऱ्या वेळचे प्रश्न फार वरच्या दर्जाचे असतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची काही मुलं तेवढे महिने आमच्या वर्गात बसतात. एक मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती, वाचनातही मागे होती. गुऱ्हाळाशेजारच्या फडात आम्ही थांबलो, तर पाचट (वाळलेली पानं) कोणतं, वाढं (शेंड्याचा हिरवा भाग) कोणतं, मोळी बांधायला वाढ्यांचा पीळ कसा द्यायचा, मोळीत ऊस किती बसतात, हे तिनं सगळ्या वर्गाला करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मुलं तक्ता भरताना तिला विचारायला तिच्या जागेवर जात होती. तिचं पहिलं सलग लिखाण 'मोळी' ह्याच विषयावर झालं. वर्गात कोण हुशार, हे फळ्याजवळ एक ठरतं आणि फडात दुसरं. मुलांना दोन्ही बघायला मिळालं पाहिजे.

तुमच्याकडे काय करता?

---

ठाण्याची_बाई

पाऊलवाट सर, वाचून फार बरं वाटलं, आणि अडचणही तुमच्यापुढेच मांडते. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं. शाळा तिसऱ्या मजल्यावर, खाली रस्ता, रस्त्यावर सतत रिक्षा. चालत जाण्यासारखं गुऱ्हाळ नाही, शेत नाही, ओढा होता तो आता झाकला आहे. आमच्याकडे क्षेत्रभेट म्हणजे बस करून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. मुलांना आवडतं, पण बटणं दाबत धावतात आणि परत येताना काय पाहिलं विचारलं तर 'खूप मज्जा' एवढंच सांगतात. शहरातल्या बाईनं काय करावं?

---

टपालथैली

ठाण्याची बाई, पोस्ट ऑफिस जवळ असेलच. मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. आमच्याकडे शाळा यायच्या त्या दुपारी यायच्या, तेव्हा काउंटरशिवाय बघण्यासारखं काही नसतं. सकाळी या. थैली उघडते, टपालाचे गठ्ठे सोडतात, बीटवार (एकेका पोस्टमनच्या भागाप्रमाणे) वाटणी होते, पोस्टमन आपल्या वाटेच्या क्रमानं पत्रं लावून घेतात. हे काम तासाभरात उरकतं आणि मुलांना डोळ्यांसमोर सगळं दिसतं. आधी पोस्टमास्तरांना भेटून विचारा, पन्नास मुलं असतील तर दोन तुकड्या करून दोन दिवशी न्या.

तिथंच प्रत्येकानं एक पोस्टकार्ड घ्यावं, पन्नास पैसे. घरचा पत्ता स्वतःच्या हातानं लिहायचा आणि पेटीत टाकायचं. पत्र कधी येतं याचा तक्ता वर्गात लावायचा. टाकल्याची तारीख, शिक्क्यावरची तारीख, घरी पोचल्याची तारीख. एकाच दिवशी, एकाच पेटीत टाकलेली पत्रं वेगवेगळ्या दिवशी का पोचली, यावर मुलं आठवडाभर बोलतात.

पिनकोडही शिकवा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी, संस्कृतचे कवी. सहा आकडे. पहिला विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन म्हणजे नेमकं वाटप करणारं पोस्ट. वर्गातल्या मुलांच्या आजोळचे पिनकोड गोळा करून भारताच्या नकाशावर लावायला सांगा. ठाण्याच्या वर्गात ४ च्या बाहेरचे पुष्कळ निघतील.

---

आई_पाचवीतली

माझं मत थोडं वेगळं आहे. मुलगी पाचवीत, शिष्यवृत्तीचा अभ्यास चालू आहे. एका गुऱ्हाळावर पंधरा दिवस घालवले तर पुस्तक कधी पूर्ण होणार? आणि सुरक्षिततेचं काय? २०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याचे कॉलेजातले मुलंमुली बुडाले, ते तर मोठे होते. मी संमतीपत्रावर सही करते तेव्हा माझा हात थबकतो. उकळत्या काहिलीजवळ तिसरीची मुलं नेणं मला तरी धाडस वाटतं.

---

पाऊलवाट

ताई, तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाला असलीच पाहिजे. म्हणून तर जवळची जागा म्हणतो. त्या जागेचा मालक आम्हाला ओळखतो, धोका कुठं आहे ते मला आधीपासून माहीत असतं, दोन पालक बरोबर असतात आणि काही झालं तर दहा मिनिटांत शाळेत, वीस मिनिटांत आरोग्य केंद्रात. अनोळखी जागी, थकलेल्या मुलांना, दिवसाच्या शेवटी सांभाळणं याहून कितीतरी अवघड. मी कोणत्याही जागी आधी एकटा जाऊन उभा राहतो आणि मुलाच्या उंचीवरून काय हाताला लागतं ते बघतो.

अभ्यासाचं म्हणाल तर हे पंधरा दिवस पुस्तक बंद नसतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान ८०० तास धरले आहेत. त्यातली क्षेत्रभेटीची एक सकाळ तीन-चार तासांची. बाकी दिवसांत वजन, वेळ, बेरीज-वजाबाकी, नकाशा, दिशा, पत्रलेखन, व्यवसाय हे सगळे पाठ पुस्तकातलेच होतात, फक्त उदाहरणं आमची असतात. 'एका दुकानदाराकडे ४५ किलो साखर होती' ह्या गणितात मुलाला तो दुकानदार कोण ते माहीत नसतं. आमच्या गणितातला गूळ त्यानं उचलून पाहिलेला असतो, म्हणून उत्तर साडेचारशे किलो आलं की तोच म्हणतो, सर, हे चुकलंय.

---

काळी_माती

लातूरकडून लिहितोय. आमच्याकडं गुऱ्हाळं आहेत पण माझी आवडती कृती वर्गातच होते आणि तिचा उपयोग थेट घरी होतो: सोयाबीनची उगवण चाचणी.

शाळा जूनच्या मध्यात उघडते, तेव्हा बापलोक पेरणीच्या पावसाची वाट बघत असतात. मुलांनी घरचं राखून ठेवलेलं बियाणं मूठभर आणायचं. घरचंच. पिशवीतलं रंगीत, औषध चोळलेलं बियाणं मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशी बजावून सांगतो आणि आणलं तर परत पाठवतो.

गोणपाट भिजवून पसरायचं. त्यावर दहा ओळी, एका ओळीत दहा दाणे, मध्ये बोटभर अंतर. निवडून टपोरे घ्यायचे नाहीत, जसे हाताला येतील तसे. वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मोजायचं. धड मोड किती, वाकडे किती, कुजले किती. शंभरातले ७० किंवा जास्त चांगले उगवले तर बियाणं पेरायला योग्य. कमी आले तर कृषी सहायकांना विचारून एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते पेरायचंच नाही.

शेकडेवारी शिकवायला मी फळ्यावर काही लिहीत नाही. शंभर दाण्यांचं दहा बाय दहाचं चौकट समोर असतं. तिसरीच्या पोरालाही 'शंभरात त्र्याहत्तर' कळतं. आणि पोरगं घरी जाऊन 'बाबा, आपलं बियाणं त्र्याहत्तर टक्के आहे' असं सांगतं तेव्हा बाप ऐकतो. एका पालकानं तर उरलेल्या दोन पोत्यांतलं बियाणंही तपासायला पाठवलं. एवढा मान आमच्या पोरांना दुसऱ्या कशानं मिळाला नाही.

त्याच्याच जोडीला पर्जन्यमापक. सरळ अंगाची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बुड खडबडीत असतं म्हणून तळाला खडे आणि पाणी घालून तिथं शून्याची खूण करायची. पट्टीनं मिलिमीटर मोजायचे, रोज सकाळी ठरलेल्या वेळी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मुलं रोजची बेरीज शाळेच्या फाटकावर लिहितात. येणारेजाणारे थांबून वाचतात.

---

वैनगंगा

@काळी_माती, हे फारच छान! आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर पेरण्या सुरू झालेल्या असतात. मी हे एप्रिलमध्ये परीक्षेनंतरच्या दिवसांत करून बघते. धानाचं बियाणं घेऊन चालेल ना?

---

काळी_माती

चालेल की. पद्धत तीच, फक्त धानाला दिवस जास्त द्या आणि किती टक्के हवेत ते तुमच्या भागातल्या कृषी सहायकांकडून घ्या. एप्रिलमध्ये गोणपाट लवकर वाळतं, दिवसातून दोन-तीनदा शिंपडावं लागेल.

---

ओहोटी

आमची शाळा गुहागर तालुक्यात, समुद्र खिडकीतून दिसतो. वर मुरूडचा उल्लेख आला म्हणून आधी तेच: आम्ही मुलांना पाण्यात नेतच नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावरही नाही. जायचं ते पाणी ओसरत असताना, आणि पूर्ण ओहोटीच्या आधी परत फिरायचं. वेळ कोणती हे चौथीची मुलं स्वतः काढतात.

किनाऱ्यावरच्या घरांत ठाऊक असलेला ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, नऊच्या सुमारास. म्हणजे चतुर्थीला सकाळी साडेसातला निघायचं. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. जुन्या लोकांना पाऊणकीचा पाढा येत होता, आमची मुलं तो ह्या निमित्तानं शिकली. कॅलेंडरवर तिथी बघायची, पाऊणकी म्हणायची, वेळ लिहायची. मग छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघायचं, आणि जायचा निर्णय तक्त्यावरूनच घ्यायचा. भरती रोज जवळजवळ पन्नास मिनिटं पुढे सरकते हे त्यांना आठवडाभराच्या नोंदीतूनच सापडलं. कुणी सांगावं लागलं नाही.

वाळूत आम्ही काठ्या रोवतो. पाण्याची रेघ जिथं असेल तिथं दर पंधरा मिनिटांनी एक काठी, मी रोवतो, मुलं मागे उभी राहून अंतर मोजतात. काठ्यांमधलं अंतर सारखं का नाही, हा प्रश्न पहिल्याच वेळी निघाला. एकीनं उत्तर दिलं, वाळूचा उतार सगळीकडे सारखा नाही म्हणून. दुसरा म्हणाला पाणीच दमतं. दोघांची उत्तरं वहीत आहेत, दोन्ही तपासतो आहोत.

खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या, खडकाला चिकटलेली कालवं, ही तर स्वतंत्र लिहायची गोष्ट.

---

मितान

पाऊणकी! आजोबांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं ऐकलं होतं, पण त्याचा समुद्राशी असा उपयोग आजच कळला. मुलाला घेऊन ह्या रविवारी बसते.

---

चाकं_आणि_पायऱ्या

मी विशेष शिक्षिका आहे, दिव्यांग मुलांसोबत शाळाशाळांत काम करते. ह्या धाग्यावर एक विनंती. क्षेत्रभेटीच्या दिवशी अशा मुलाला 'तू आज घरीच थांब' असं प्रेमानं सांगितलं जातं, सगळ्यात जास्त त्याच दिवशी. असं करू नका. चाकाची खुर्ची असेल तर आदल्या दिवशी त्याच्या पालकांबरोबर वाट चालून बघा, कुठं उचलावी लागेल ते ठरवा. साकव अरुंद असेल तर जागा बदला. त्या मुलाला तिथं नेमकं काम द्या, घड्याळ त्याच्याकडे, नोंदवही त्याच्याकडे.

कमी दिसणाऱ्या मुलीला मी गुऱ्हाळावर नेलं होतं. रसाचा वास, मळीचा वास, पाक झाल्याचा वास हे तीन टप्पे तिनं वेगळे सांगितले, बाकी कुणाला ते जाणवलेही नव्हते. ऐकू कमी येणाऱ्या मुलांना मात्र चरकाच्या आवाजात काहीच समजत नाही. त्यांना काय होणार ते आधी वर्गात चित्रांनी सांगून ठेवावं लागतं.

---

पाऊलवाट

साकवाचा मुद्दा लिहून ठेवला. आमच्या साकवाची रुंदी मुलांकडूनच मोजून घेतो.

---

दिवा_अडकित्ता

ठाण्याच्या बाईंनी विज्ञान केंद्राचं लिहिलं म्हणून. मी पुण्यात संग्रहालयात मुलांबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करते. माझा आग्रह एकच असतो, सगळं दाखवू नका. राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर दालनांमागून दालनं आहेत. मुलांना तीनच वस्तू द्या. एक अडकित्ता, एक दिवा, एक दौत. प्रत्येकीसमोर दहा मिनिटं बसून चित्र काढायचं. चित्र काढताना डोळा थांबतो. अडकित्त्याची बिजागरी कुठं आहे, धार कुठल्या बाजूला आहे, हातात धरला तर बोटं कुठं येतील, हे काढल्याशिवाय दिसत नाही. मग घरी जाऊन आजीकडचा अडकित्ता शोधायचा आणि फरक लिहायचा. विज्ञान केंद्रातही तसंच: एका गटाला एकच मांडणी, आणि तिच्याशी चार वेगवेगळ्या गोष्टी करून बघायच्या. बाकीचं राहू दे, मुलं पालकांबरोबर पुन्हा येतील.

पुण्यात असाल तर आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं मुलांचं विज्ञान केंद्र, मुक्तांगणही आहे. अरविंद गुप्तांनी तिथं टाकाऊ वस्तूंची खेळणी मुलांपर्यंत नेली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर त्रिकोण पक्का का आणि चौकोन डुगडुगतो का हे तिसरीतलं मूल हातानं शोधतं. पन्नास मुलांच्या वर्गाला हे सहज परवडतं, बसही लागत नाही.

---

कोसबाड_टेकडी

एक भर घालतो. हे सगळं आपल्याकडे नव्यानं आलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांतून साधनं केली. आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. आज कुणी शिक्षक गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडतो तेव्हा तो त्याच वाटेवर आहे. हे तरुण शिक्षकांना सांगितलं पाहिजे, प्रशिक्षणात याचा उल्लेखही फारसा होत नाही.

---

आई_पाचवीतली

सगळे प्रतिसाद वाचले. काळजी आहेच, पण उगवण चाचणी आणि पाऊणकी वाचून मी मुलीच्या बाईंशी बोलायचं ठरवलं आहे. आमच्या गावात दूध संकलन केंद्र शाळेसमोरच आहे. तिथं चालेल का?

---

पाऊलवाट

उत्तम जागा, ताई. सकाळच्या संकलनाला न्या. पाचवीला दशांश अपूर्णांक आहेतच. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, म्हशीच्या दुधाला ६ फॅट धरून दर ठरतो, पावतीवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), लिटर, दर, रक्कम सगळं छापून येतं. मुलांनी आपापल्या घरची आठवड्याची पावती आणायची आणि रक्कम स्वतः गुणून बघायची. फॅट एका दशांशानं कमी झाली तर किती रुपये गेले, हे प्रत्येक घरात बोललं जातं, फक्त वर्गात कधी येत नाही. तुम्हीही बरोबर जा, बाईंना एक पालक हवाच असतो.

---

ठाण्याची_बाई

पोस्टमास्तरांना भेटून आले. दोन तुकड्या करून यायला हो म्हणाले, सकाळी साडेनऊची वेळ दिली. तीन पालक आणि शाळेच्या ताई बरोबर असतील, रस्ता एकदाच ओलांडावा लागतो, तिथं सिग्नल आहे. टपालथैली काका, एक शंका. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांची घरं चाळीत आहेत, खोली क्रमांक नीट नसतात, काहींना पूर्ण पत्ताच येत नाही. पत्रं परत आली तर मुलं हिरमुसतील. सगळी शाळेच्याच पत्त्यावर टाकू का?

---

टपालथैली

नको, घरच्याच टाका. पत्ता येत नाही हेच तर शिकायचं आहे. आदल्या आठवड्यात घरचं वीजबिल किंवा रेशनकार्ड बघून पत्ता वहीत उतरवून आणायला सांगा, त्यात चाळीचं नाव, जवळची खूण आणि घरातल्या मोठ्या माणसाचं नाव हवं. चाळीत पोस्टमन नावावरूनच पत्र देतो. ज्यांच्या पत्त्याची खात्री नाही त्यांना दोन पोस्टकार्डं द्या, एक घरचं, एक शाळेचं. आणि भेटीच्या दिवशी तुमच्या बीटच्या पोस्टमनला मुलांसमोर उभं करून विचारा, ह्यांतला कोणता पत्ता तुम्हाला सापडणार नाही? तो बघताक्षणी सांगेल, आणि काय जोडायला हवं तेही सांगेल.